बारा हजार टाके

एका माणसाला पुरेल अशी गोधडी साधारण दोन मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद असते. दोन ओळींत दोन सेंटिमीटर अंतर ठेवलं, तर तिच्यावर साठ ओळी बसतात. ओळ दोन मीटरची, म्हणजे एकूण १२० मीटर धावदोरा. टाका आणि पुढची मोकळी जागा मिळून एक सेंटिमीटर धरा, झाले बारा हजार टाके. हा हिशेब मी गोधडी संपल्यावर केला. आधी केला असता तर सुई हातात धरलीच नसती.

गेल्या शिमग्याला हे काम काढलं आणि यंदाच्या शिमग्याला वही बंद केली. वहीत वर्षभरातली नोंद अशी आहे: मोठी गोधडी एक, दुपटी तीन, कुंच्या दोन, लाळेरी सहा, पिशव्या अकरा, खणाचे बटवे चार, आणि एक क्रोशाचा रुमाल, जो निम्म्यावर आहे आणि बहुधा निम्म्यावरच राहील. यादी भरगच्च दिसते, पण खरं काम एकच. बाकीचं सगळं गोधडीतून उरलेल्या कापडाचं आणि गोधडीला कंटाळून काढलेल्या वेळाचं आहे. म्हणून या प्रकरणात मुख्यतः तिच्याबद्दलच लिहिते.

आधी नावांचा घोळ मिटवू. कोल्हापूर-सांगलीकडे वाकळ, इतरत्र गोधडी, चार पदरी असली तर चौघडी. सीमा ओलांडून कर्नाटकात गेलात की कौदी. संस्कृतात कंथा, आणि तोच शब्द बंगालात कांथा होऊन राहिला. बौद्ध भिक्खूंचं चीवरही याच कुळातलं: तुकडे जोडून शिवलेलं. मगधातली बांधाबांधांनी विभागलेली भातखाचरं पाहून बुद्धाने आनंदाला तसंच वस्त्र शिवायला सांगितलं, अशी कथा विनयपिटकात आहे. टाकून दिलेल्या कापडाला दुसरा जन्म देण्याची ही रीत किती जुनी, ते यावरून लक्षात यावं.

रजई, दुलई आणि गोधडी यांत मात्र गल्लत करू नये. रजईत पिंजलेला कापूस असतो. तो भरण्याआधी पिंजाऱ्याने धनुकलीवर मोकळा करावा लागतो, वापरून वापरून त्याच्या गाठी होतात, मग पुन्हा उसवा, पुन्हा पिंजा, पुन्हा भरा. रजई धुता येत नाही. गोधडीत कापूस नसतोच, नुसते कापडाचे थर. त्यामुळे ती नदीवर नेऊन आपटता येते, पिळता येते, दगडावर वाळत टाकता येते. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आजारी माणूस असलेल्या घरात ही सोय किती मोलाची, हे ज्याने अंथरूण धुतलं आहे त्यालाच कळेल.

मग कापूस नसताना ऊब येते कुठून? हवेतून. कापडाच्या दोन थरांमध्ये जी हवा अडकून पडते, ती उष्णता सहजी पुढे जाऊ देत नाही. हलती हवा अंगाची ऊब पळवते, अडकलेली हवा धरून ठेवते. म्हणूनच एका जाड चादरीपेक्षा तेवढ्याच वजनाचे पाच पातळ थर जास्त उबदार लागतात. टाक्याचं काम या थरांना एकमेकांवरून सरकू न देण्याचं. टाके फार दूर घेतले तर थर आत गोळा होतात, फार जवळ घेतले तर हवा दाबली जाऊन गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. दोन सेंटिमीटर हे माप कुणी प्रयोगशाळेत काढलेलं नाही, ते माझ्या बोटाचं आहे. शेजारच्या मावशींचं बोट जाड, म्हणून त्यांच्या ओळी जरा लांब. आणि ओलाव्याचं म्हणाल तर पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट जास्त उष्णता वाहून नेतं. सर्दावलेली गोधडी गार लागते ती त्यामुळे, आणि पावसाळ्यात मधेच ऊन पडलं की घरोघरी कठड्यावर गोधड्या झळकतात त्याही त्यामुळेच.

आता या मावशींबद्दल. आमच्या मागच्या गल्लीत राहतात, मूळच्या दुष्काळी भागातल्या, आणि लोकांच्या वाकळी शिवून देतात. पहिल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले ती सगळा सरंजाम घेऊन: टाचण्यांची डबी, मोजपट्टी, कापड खुणावायचा खडू, आणि लाकडी चौकट. चौकट पाहून त्या हसल्या.

"ह्ये कशाला?"

"कापड ताणून धरायला, मावशी."

"आन् तू कशाला हायस? बस की तिच्यावर. वाकळंवर बसल्याबिगर वाकळ सरळ येत न्हाई."

मला ती थट्टा वाटली. दहा ओळी घातल्यावर कळलं की ते तंत्र आहे. फरशीवर थर अंथरायचे, त्यावरच बसायचं आणि आपल्यापासून पुढे शिवत जायचं. अंगाच्या भाराने पाचही थर जागच्या जागी दाबून राहतात, एका हाताने पुढचं कापड सपाट करता येतं. मांडीवर घेऊन शिवलं की खालचा थर मांडीच्या आकाराने झोळ धरतो आणि गोधडी उलटी केल्यावर मागे चुण्या दिसतात. माझ्या पहिल्या दहा ओळी मांडीवरच्या आहेत. ओळखू येतात.

दोराही त्यांनी दाखवला तेवढाच घ्यायचा: दुपदरी करून हातभर. लांब दोरा घेतला की ओवायचा त्रास वाचतो असं वाटतं, पण तो पीळ खातो, गाठी मारतो आणि दर टाक्याला पाच थरांतून घासून घासून शेवटी तुटतो. हातभर दोऱ्यात जेमतेम साठ सेंटिमीटर ओळ होते. म्हणजे त्या गोधडीसाठी मी दोनशेच्या वर वेळा सुईत दोरा ओवला आहे. गाठ थरांच्या मधे लपवायची, वर दिसू द्यायची नाही. झोपलेल्याच्या पाठीला ती टोचते. सुईवर एका वेळी चार-पाच टाके भरून घ्यायचे आणि मग एकदम ओढायचे. मधल्या बोटाला अंगुस्तान हवंच. मी आठवडाभर मिरवलं की मला नको म्हणून, नंतर आठवडाभर बोटाला चिकटपट्टी लावून फिरले.

पहिल्या ओळींना मला चाळीस-चाळीस मिनिटं लागत होती, मग हात बसला आणि वेळ पंचविसावर आला. धरून चालू की तीस तास. हे तीस तास अडीच महिन्यांत पसरले होते, दुपारी भांडी आवरल्यापासून चहाच्या वेळेपर्यंत. इथे एक गंमत सांगते. काही बायका सरळ ओळी घालतात, काही कडेने सुरुवात करून चौकोनात चौकोन घालत मध्यापर्यंत येतात. कुठला मार्ग कमी कष्टाचा यावर मी बरेच दिवस डोकं लावलं. उत्तर असं की फरक नाही. गोधडीचं क्षेत्रफळ भागिले ओळींमधलं अंतर, एवढी शिवण पडणारच, मग फिरा कसेही. मावशींना हे कौतुकाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग काय, शेत नांगरल्यावाणीच की." गोधडीचा भूमितीशी असलेला संबंध एवढ्या कमी शब्दांत मला सांगता आला नसता.

चौकोनात चौकोन घालत मध्यापर्यंत जाण्याची रीत जिथे कलेच्या पातळीला पोचली आहे, ती जागा आपल्यापासून फार दूर नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी लोक राहतात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून पोर्तुगिजांच्या गोव्यात आणले गेले आणि तिथून निसटून घाटावरच्या रानात आले. त्यांच्या बोलीत आजही कोकणी आणि मराठी सापडते. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. बाई एका कोपऱ्यापासून सुरू करते, कडेकडेने ठिगळं ठेवत आणि त्याच टाक्याने ती खालच्या साडीला जोडत फिरत राहते आणि शेवटी मध्यावर येऊन थांबते. आधी आराखडा नाही, मोजमाप नाही. पुढचं ठिगळ कोणतं, हे मागचं ठिगळ संपल्यावर ठरतं. चारही कोपऱ्यांवर घडी घातलेले रंगीत तुकडे एकावर एक बसवतात, त्यांना फुला म्हणतात. फुला नसलेली कवंदी त्यांच्या नजरेला उघडी दिसते. झोपणाऱ्याला त्या तुकड्यांनी जास्त ऊब मिळत नाही. तरी ते हवेतच.

अमेरिकेतली पद्धत याच्या अगदी उलट. तिथे आधी कापडाचे मोजून कापलेले तुकडे जोडून वरचा थर पुरा करतात, मग त्याखाली भरण आणि अस्तर ठेवतात, मग तिन्ही थर शिवतात आणि शेवटी गोट लावतात. चार कामं, चार टप्पे. आपल्याकडे आणि सिद्दींकडे ठिगळ लावणं आणि गोधडी शिवणं हे एकच काम असतं. मला आपली रीत जास्त शहाणपणाची वाटते, पण हे मत पक्षपाती आहे. कारण अमेरिकी पद्धतीने मी दुपट्याचा एक चौकोन करून पाहिला आणि त्याचे चार कोपरे चार दिशांना गेले.

अमेरिकेतही ही शिस्त मोडणाऱ्या बायका आहेतच. अलाबामा राज्यात नदीच्या एका वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे. कापसाच्या मळ्यावर राबलेल्या गुलामांचे वंशज तिथे राहतात. नवऱ्याच्या फाटक्या कामाच्या पँटी, पिठाची पोती, झिजलेले सदरे, जे हाताला येईल त्याच्या त्यांनी गोधड्या केल्या. गुडघ्याशी विटलेली निळी जीन तशीच लावली, खिसा काढल्यावर दिसणारा गडद चौकोनही तसाच ठेवला. १९६६ मध्ये त्या भागातल्या बायकांनी सहकारी संस्था काढली. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांच्या गोधड्या भिंतीवर लागल्या, पुढे न्यूयॉर्कला गेल्या आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपालखात्याने त्यांवर तिकिटं काढली. भिंतीवर गेल्यावर गोधडीला चित्राचा मान मिळतो हे खरं. पण ती आधी अंगावर होती, थंडी घालवत होती, हे तिच्या विटलेल्या गुडघ्यांवरून कळतं.

आपल्याकडे गोधडीला मान मिळाला तो वेगळ्या वाटेने. गाडगेबाबांना (१८७६ ते १९५६) लोक गोधडेबुवा म्हणत. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, हातात खराटा, डोक्यावर खापर. गरिबाच्या घरात जे लाजेने झाकून ठेवलं जाई, तेच पांघरून हा माणूस गावोगाव फिरला आणि त्याच वेशात लोकांकडून धर्मशाळा बांधून घेतल्या.

आता माझी चूक सांगते, कारण वर्षभरात सगळ्यात जास्त मी तिच्यातूनच शिकले. मोठ्या गोधडीच्या आधी मी एक छोटी केली होती. वहीच्या यादीत ती नाही. वर सिंथेटिक साडीचे तुकडे, खाली दुकानातून आणलेलं कोरं सुती कापड, न धुतलेलं. शिवताना ती देखणी दिसत होती. पहिल्या धुण्यात खालचं सुती कापड आटलं, वरचं आटलं नाही, आणि सगळी गोधडी वाळलेल्या आंब्याच्या सालीसारखी सुरकुतली. वरून लाल पोलक्याच्या एका तुकड्याने रंग सोडला. मावशींनी ती दोन बोटांत धरून पाहिली आणि म्हणाल्या, "पायपुसणं झ्याक हुईल." झालंही.

गोधडीला जुनंच कापड का लागतं, ते तेव्हा कळलं. काटकसर हे त्याचं अर्धंच कारण आहे. शंभर वेळा धुतलेलं सुती लुगडं जितकं आटायचं तितकं आटून झालेलं असतं. जो रंग सुटायचा तो कधीच सुटून गेलेला असतो. खळ निघून गेलेली असते, धागे सैल होऊन त्यांच्यावर बारीक लव आलेली असते. ही लव थरांना एकमेकांवर धरून ठेवते आणि सुई लोण्यातून गेल्यासारखी जाते. सिंथेटिक कापड कितीही जुनं झालं तरी गुळगुळीतच राहतं, थर एकमेकांवरून घसरतात. शिवाय सूत साधारण हवेत आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल धरून ठेवू शकतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. रात्री घाम आला की फरक कळतो.

दुसऱ्या खेपेला मी आजीचं नऊवारी काढलं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. त्याच्या चार घड्या घाला. प्रत्येक घडी दोन मीटरची, पन्हा साधारण तेवढाच १.२ मीटर. न कापता, न जोडता चार थरांची चौघडी तयार. वरून धोतराचा एक थर, विरलेल्या जागी ठिगळं, कडेने तिच्याच दुसऱ्या लुगड्याच्या काठाचा गोट. एका माणसाचं अंथरूण एका लुगड्यात इतकं नेमकं बसतं हे कळल्यावर मी कितीतरी वेळ नुसती घडी उलगडत आणि घालत बसले. पाचवारीचं तसं होत नाही. तिच्या तीन घड्या पडतात आणि लांबी अपुरी राहते, पाय बाहेर येतात.

मग हे सगळं बंद का पडलं? ब्लँकेटं स्वस्त झाली, हे एक उत्तर. पण माझ्या मते घाव त्याआधी पडला, तो बायकांच्या साड्या सुताच्या राहिल्या नाहीत तेव्हा. गोधडीचा कच्चा माल घरात पिकायचा बंद झाला. आणि जो थोडा पिकत होता तो दारावर येणाऱ्या बोहारणीने नेला. चार जुन्या साड्यांवर स्टीलचं पातेलं मिळतं, हा सौदा कुठल्याही गृहिणीला वाईट वाटणार नाही. आमच्याच घरातल्या मांडणीवर निदान पाच गोधड्या पातेल्यांच्या रूपात उभ्या आहेत.

सवड हेही एक कारण. गावाकडे गोधडीचं पंचांग ठरलेलं असे. सुगी आटोपली की शिमग्यापासून काम काढायचं, मृग लागायच्या आत पुरं करायचं. या दिवसांत शेतात काम कमी, ऊन कडक, ओसरी गार आणि चार बायका एका वाकळीच्या चार बाजूंना. आणि नवरात्राच्या आधी घरातली झाडून सगळी अंथरुणं नदीवर. माझ्या वहीतल्या तारखा पाहिल्या तर मीही नकळत तेच पंचांग पाळलं आहे. मोठी गोधडी मार्च ते मे. जून-जुलैत एक टाका नाही, कारण दमट हवेत सुई गंजते आणि बोटांना चिकटते. पिशव्या आणि बटवे गणपतीपासून दिवाळीपर्यंत, देण्याघेण्यासाठी. बाळाचं सामान थंडीत.

ते बाळाचं सामान म्हणजे बाळंतविडा. भाचीला डिसेंबरात मुलगी झाली. झबली मला नीट जमत नाहीत, म्हणून दुपटी, कुंच्या आणि लाळेरी एवढंच केलं. कुंची हा फार हुशार कपडा आहे. डोक्याला टोपी, आणि तिलाच जोडलेलं कापड पाठीवरून पार पायांपर्यंत. बाळ उचललं की पांघरूण आपोआप बरोबर येतं, सरकत नाही, गळत नाही. तिला हातांसाठी बाह्या नाहीत, बटणं नाहीत. टोपीचा मागचा भाग चुण्या घालून गोळा करायचा आणि गळ्याशी एक बंद. उरेब पट्टीने गोट लावला तर वळणावर कापड ओढलं जात नाही. मी पहिल्या कुंचीला सरळ पट्टी लावली आणि ती हनुवटीशी ताठ उभी राहिली, पोलिसाच्या कॉलरसारखी.

बाळाला पहिले कपडे जुन्या कापडाचे घालायची चाल आहे. नव्या कापडातली खळ, सुटणारा रंग, शिवणीचा कडकपणा यातलं काही नव्या कातडीला सोसत नाही. गोटासाठी काठ काढलेल्या आजीच्या दुसऱ्या लुगड्याचा पदर मी मुद्दाम राखून ठेवला होता, त्याची दोन दुपटी झाली. भाचीच्या सासूबाईंनी ती पाहून "नवीन घ्यायचं होतं की हो" म्हटलं. पंधरा दिवसांनी त्यांचाच फोन आला, तसंच अजून एक मिळेल का म्हणून. तिसरं दुपटं ते.

वर्षाचा हिशेब करताना एक गोष्ट मात्र जुळत नाही. वहीत तीस तास लिहिले आहेत, मावशींचे दोन आणि माझे अठ्ठावीस. पण आजीने ते लुगडं नेसून, धुवून, दांडीवर वाळत घालून मऊ करण्यात जी वर्षं घालवली, त्यांचा रकाना माझ्याकडे नाही. माझ्या स्वतःच्या कपाटात सुती साड्या तीनच आहेत आणि त्यांतली एकही अजून पुरती जुनी झालेली नाही. दुसरी मोठी गोधडी यंदा होणार नाही, हे त्यामुळे नक्की. मी त्या तिन्ही आळीपाळीने नेसायला लागले आहे.

तुमच्या घरी एखादं विरलेलं सुती लुगडं किंवा धोतर असेल तर बोहारीण यायच्या आत बाजूला काढून ठेवा. डांबराच्या गोळ्या नकोत, वास शेवटपर्यंत जात नाही. सुकलेला कडुलिंबाचा पाला पुरतो. आणि सुई घेऊन बसाल तेव्हा फरशीवर बसा.